घोडेगावचं वाइंडिंगचं दुकान

आबा,

परवा आमच्या सोसायटीची पाण्याची मोटार जळाली. मी भाजी निवडत होते आणि जिन्यातून वास वर आला. जळलेल्या व्हार्निशचा वास तुम्हाला वेगळा सांगायला नको. इतक्या वर्षांनीही तो नाकात शिरल्याबरोबर माझा हात थांबला. मी तशीच खाली गेले. पंपाच्या खोलीपाशी चार माणसं उभी होती आणि एक तरुण मेकॅनिक नट सोडवत होता. आत डोकावले तर तो म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा, ओलं आहे, शॉक बसेल." मी विचारलं, नवी तार घालून भरून घेणार का हिला? तो हसला. म्हणाला, "आता कोण भरत बसतंय? नवीन टाकू." बाकीच्यांनी मान डोलावली. मी वर आले, भाजी झाकून ठेवली आणि लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता मोठी आहे. तुम्हाला कधी एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. लिहिली असती तर तुम्ही ती चष्मा शोधून, उजेडाला धरून, दोनदा वाचली असती.

घोडेगावचं आपलं दुकान मला रंगासकट आठवतं. नगर-औरंगाबाद रस्त्याच्या कडेला, गुरांच्या बाजाराच्या अलीकडे, वर पत्रा, समोर फळ्यांचं दार. मागं आपली एकच खोली आणि मधे पोत्याचा पडदा. चूल दुकानाच्या भिंतीला लागून होती, त्यामुळं आईच्या फोडणीचा आणि तुमच्या व्हार्निशचा वास एकमेकांत मिसळायचा, आणि दोघंही त्याबद्दल कुरकुरायचात. बाजाराच्या दिवशी बैल विकायला आलेली माणसं येतायेता बैलगाडीतून जळलेली मोटार आणून टाकायची. तेव्हा गावोगाव लाइट नवी होती. तीन तारांपैकी एकीतली वीज कधी जाईल याचा नेम नसे, आणि एक गेली की मोटार नुसती घुमायची, तापायची आणि जळायची. तुमच्या दुकानाचं पोट त्यावर चालायचं.

त्याआधी तुम्ही साखर कारखान्यात होता. पर्मनंट होता. आई हा शब्द आयुष्यभर उच्चारत राहिली, माहेरच्या कुणाचं नाव घ्यावं तसा. पाळीला पॅनेलसमोर उभं राहायचं आणि सुई लाल रेषेपलीकडं जाते का ते बघायचं, एवढंच तुमचं काम. सुई कधी जायची नाही. एकदा आई म्हणाली, "बसून पगार मिळत हुता, तो टोचत हुता ह्यांना." तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "बसून न्हाई, उभ्यानं. सुईकडं बघत म्हातारं व्हायचं न्हवतं मला. ती सुई का हलती ते बघायचं हुतं." त्यावर आईनं तव्यावरची भाकरी करपू दिली.

मी मॅट्रिक झाले आणि घरी बसले. पुढचं कॉलेज नगरला, आणि रोज नगरला जाणं मुलीच्या जातीला शक्य नव्हतं, निदान आपल्याकडं तसा विचारच कुणी केला नाही. एका दुपारी तुमच्या हातातून बारीक तार सारखी सुटत होती. तुमची बोटं जाड, आणि मोटार लहान होती. तुम्ही पडदा बाजूला करून हाक मारलीत, "बाई, जरा इकडं ये. तुझा हात घाल." मी हात घातला. पोलादी गाभ्याच्या खाचेत तांब्याच्या तारा एकेक करून बसवल्या, त्यावर बांबूची पट्टी सरकवली. तार बसली की तिचा एक अगदी बारीक आवाज होतो. तुम्ही वाकून बघितलंत आणि पुढची खाच माझ्याकडं वळवलीत. त्या दिवसापासून मी दुकानात बसायला लागले.

मोटार भरून झाली की तुम्ही छर्रा काढायचात. सायकलच्या बेअरिंगमधला. मोटारीच्या आतला फिरणारा भाग काढून ठेवलेला, नुसता पोकळ गोल समोर. त्यात छर्रा टाकायचा आणि क्षणभर लाइट द्यायची. कशालाही बांधलेला नसताना तो छर्रा आतल्या आत गरागरा पळायला लागायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मागं सरकले. तुम्ही खूश झालात. म्हणालात, "तीन तारा हायेत. एक ओढती, मंग दुसरी, मंग तिसरी. ह्याला वाटतंय पुढं कायतरी हाय, म्हनून पळतोय." मी विचारलं, आणि पुढं काय असतं? "काय नसतंय," तुम्ही म्हणालात. "पर पळतोय का न्हाई?" बाजाराची माणसं ते बघायला दारात गर्दी करायची. तुम्ही कुणाला हाकललं नाहीत. लहान पोरांना उचलून दाखवलंत.

मी पहिली पूर्ण मोटार भरली ती एका म्हाताऱ्या बागायतदाराची. तो न्यायला आला आणि माझ्या हाताला लागलेलं व्हार्निश बघून त्यानं तुम्हाला विचारलं, "ही भरती व्हय?" तुम्ही खोटं बोलू शकला असता. तुम्ही म्हणालात, "हीच भरती. माझ्यापरीस बारीक भरती. जळली तर माझ्याकडं आना, तिच्याकडं न्हाई." तो मोटार घेऊन गेला. ती जळली नाही. तुम्ही पुढच्या खेपेला नगरहून माझ्यासाठी वेगळी पक्कड आणलीत, लहान तोंडाची. आईनं ती बघितली आणि म्हणाली, लोक पोरीला बांगड्या आणतात. मला तेव्हा बांगड्या नको होत्या. नको होत्या एवढंच नाही, तर त्या नको आहेत हे कळून मला जो आनंद झाला होता तसा नंतर फारसा कधी झाला नाही.

मग पाऊस गेला. एक साल कसंबसं निघालं, दुसऱ्या सालात आभाळाकडं बघणंसुद्धा लोकांनी सोडलं. विहिरी खाली खाली गेल्या. काठावर बसवलेले पंप नुसते घुमायचे आणि पाइपातून हवा खायचे. माणसं मोटार घेऊन आपल्याकडं यायची आणि म्हणायची, हिचा जोर कमी झालाय, मोठी मोटार द्या. तुम्ही मोटार तपासून सांगायचात, हिला काही झालेलं नाही. ते त्यांना पटायचं नाही. तुम्ही प्रत्येकाला तेच समजावत बसायचात, की पंप पाणी ओढत नसतो. पंप फक्त पाइपातली हवा काढतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर बाहेरची हवा जे वजन टाकते त्यानं पाणी वर ढकललं जातं. त्या हवेचा जोर पंचवीस-अठ्ठावीस फुटांपर्यंतच पुरतो. त्याच्या पुढं कितीही मोठी मोटार लावा, पाणी चढणार नाही. पंपच खाली, पाण्याजवळ न्यावा लागेल.

एक दिवस एक शेतकरी फारच हट्टाला पेटला. त्याची मोसंबी वाळत होती. तुम्ही पडद्यामागं आलात, हंड्यातून काचेचा ग्लास काठोकाठ भरलात, वर पोस्टकार्ड ठेवलंत आणि बाहेर जाऊन त्याच्यासमोर ग्लास उलटा केलात. तेव्हा टँकर आला तर यायचा. त्या हंड्यातलं पाणी आईनं पहाटेपासून रांगेत उभं राहून आणलेलं होतं. ती चुलीपुढं उभी राहिली आणि पोत्याच्या फटीतून बघत राहिली. मी तिच्याजवळ उभी आहे. उलट्या ग्लासातून एक थेंब पडत नाही. शेतकरी आधी ग्लासाकडं, मग तुमच्याकडं बघतो.

"जादू हाय व्हय ही?"

"हवा हाय," तुम्ही म्हणता. "हवेनं खालनं धरलंय पानी. तीच हवा हिरीतलं पानी वर ढकलती. पर तिची ताकद तेवढीच हाय, मी काय करू?"

तो वाकून पोस्टकार्ड खालून बघतो. मग म्हणतो, "मंग तिला म्हनावं अजून धा फूट ढकल. एवढं साल. पुढं न्हाई मागत."

ग्लास जरासा कलला आणि पोस्टकार्ड निसटलं. पाणी खालच्या मातीवर पडलं. आपण सगळेच त्या ओल्या डागाकडं बघत राहिलो. तो फार लवकर सुकला. शेतकरी उठला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "तुमाला जमत न्हाई म्हना की सरळ." तो गेल्यावर आई बाहेर आली. मला वाटलं ती ओरडेल. तिनं फक्त ग्लास उचलला आणि म्हणाली, "खरं सांगायला पानी लागतं का? तोंडानं सांगायचं." तुम्ही ते पोस्टकार्ड पुसत बसलात.

काही दिवस तुम्ही दोरखंडाला बांधून घेऊन विहिरींत उतरलात आणि लोकांचे पंप खालच्या कातळावर बसवून दिलेत. परत आलात की कपड्यांना गाळाचा वास असायचा. म्हणायचात, अजून एक पंधरवडा चालेल. मग तेही संपलं. विहिरीत पाणीच नाही तर पंप कुठं न्यायचा? दुकानात जळकी मोटार येणं बंद झालं, कारण चालू मोटारच कुठं नव्हती. रस्त्यानं बाजाराकडं जनावरं जायची, हाडं मोजता यावीत अशी, आणि परत येताना माणसं एकटी यायची. तुम्ही दार उघडं टाकून बसायचात. हत्यारं पुसून ठेवायचात. ती पुसलेलीच असायची.

आई आणि मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागलो. पांढरीपूल गावाच्या बाजूला काम निघालं होतं. ऊन, दगड आणि शेकडो माणसांच्या हातोड्यांचा आवाज. तुम्ही आला नाहीत. तुम्हाला वाटत होतं, दुकान उघडं दिसलं नाही तर गिऱ्हाईक तुटेल. एका संध्याकाळी आई पायातला काटा काढत होती आणि मान वर न करता म्हणाली, "आमी दोघी खडी फोडतो आन् तुमी रिकाम्या दुकानाची राखन करता." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी हात पदराखाली घेतले होते, पण तुम्ही म्हणालात, "दाव." बोटांची टोकं फुटून जाड झाली होती. तुम्ही तारेचा एक तुकडा आणलात आणि माझ्या बोटांतून ओढलात, जसं आपण नव्या तारेवरचा ओरखडा शोधायला ओढायचो. तारेवरचा तो पातळ मुलामा कुठं खरवडला असेल तर तिथंच मोटार जळते, आणि तो ओरखडा डोळ्याला सहज दिसत नाही, बोटाला कळतो. "लागतंय का कुठं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, न्हाई. तुम्ही तार उलटी करून मला दाखवलीत. ओरखडा होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही फळ्या लावल्यात, कुलूप घातलंत आणि एस.टी.नं कारखान्यावर गेलात. ऊस नव्हता, तिथंही निम्मी माणसं बसलेली. इलेक्ट्रिकमध्ये जागा नव्हती. गेटवर रखवालदाराची होती. तुम्ही ती घेतलीत. आईला बरं वाटलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

पुढच्या मिरगाला पाऊस आला तो चांगलाच आला. विहिरी भरल्या. वर्षभर गंजत पडलेल्या मोटारी लोकांनी घाईनं सुरू केल्या आणि त्या पटापट जळायला लागल्या. गाड्या आपल्या बंद दारासमोर येऊन थांबायच्या. "आबा कुठंयत?" असं विचारून माणसं निघून जायची. तुम्ही कारखान्यावरच राहत होता, सुट्टीला यायचात. मी आईला न सांगता किल्ली घेतली आणि फळ्या काढल्या. आईनं बघितलं, पण मला अडवलं नाही. माळावरच्या वस्तीवरचा एक माणूस त्याची मोटार ठेवायला तयार झाला. म्हणाला, "बाकी कुनाकडं न्यायला येळ न्हाई, बघ तुला जमतंय का." मी ती उघडली, जुनी तार छिन्नीनं तोडून काढली, खाचा साफ केल्या. नवी तार मी बोटांवर विसंबून तपासलीच नाही. गालावरून ओढली, ओठांवरून ओढली. तरी खात्री होत नव्हती. एक फेरा भरायचा, तो उकलायचा, पुन्हा भरायचा. व्हार्निश दिलं, आत दिवा टांगून सुकवत ठेवली.

आणि तुम्ही आलात. दार उघडं बघून तुम्ही रस्त्यातच थांबलात, हातात डबा. मी उभी राहिले. मला वाटत होतं तुम्ही हसाल. तुम्ही आत आलात, मोटारीपाशी उकिडवे बसलात, टोकांच्या गाठी बघितल्यात, पट्ट्या दाबून बघितल्यात. मग खणातून छर्रा काढलात, आत टाकलात आणि लाइट दिलीत. छर्रा पळाला. सरळ, एका चालीनं, कुठंही न अडखळता. तुम्ही बटण बंद केलंत आणि तो थांबेपर्यंत बघत राहिलात.

"कुनाची हाय?"

"माळावरच्यांची. आबा, अजून दोघं विचारून गेलेत. मी भरत जाईन. तुमी सुट्टीला आलात की बघत जा."

तुम्ही छर्रा बोटांत फिरवत होता. "ही त्याला दे. मंग बंद कर."

"का?"

"तुझं बघतोय मी. पुन्याला हाय पोरगा, कचेरीत. वाइंडिंगवाली पोरगी म्हनून कुनी करनार न्हाई तुला."

"तुमीच शिकवलंत."

"चुकलो," तुम्ही म्हणालात. आवाज चढला नव्हता. "मला लई आवडायचं म्हनून तुला शिकवलं. आवडीचं काम करून काय झालं ते बघितलं न्हाईस का? तुझ्या आईच्या हाताकडं बघ. तुझ्या बघ." मग तुम्ही उठलात. "मानसानं जिथं सुई हालत न्हाई तिथंच उभं ऱ्हावं."

मोटार तो माणूस घेऊन गेला. ती चालली, असं नंतर आईकडून कळलं. तुम्ही कुलूप लावलंत आणि किल्ली या वेळी बरोबर नेलीत. काही महिन्यांनी माझं लग्न झालं.

पुण्यात मी गप्प बसले नाही, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. तिथं एका कंपनीत मोटारीच्या वाइंडिंगला बायका घेत होते. मी गेले, मला घेतलं. लांब टेबल, ओळीनं आम्ही बसलेल्या. माझ्याकडं एकच गुंडाळी यायची, तेवढी बांधायची आणि पुढं सरकवायची. मोटार पूर्ण झालेली मी तिथं कधी पाहिली नाही. एकदा सुपरवायझरला विचारलं, ही कुठल्या पंपाला बसते? तो म्हणाला, "ते तुम्हाला काय करायचंय?" त्यात चिडण्यासारखं काही नव्हतं, त्यालाही माहीत नव्हतं. पोटुशी राहिले तेव्हा सोडलं. मग टायपिंग शिकले आणि एका शाळेच्या कचेरीत लागले. दाखले टाईप केले. तिथूनच रिटायर झाले. लोक वाईट नव्हते. सकाळी निघताना पाय जड व्हायचे, एवढंच, आणि ते रोज व्हायचे.

तुम्हाला शेवटची भेटले ती गेटवर. हंगाम चालू होता, थंडीची दुपार. तुम्ही खाकी कोट घालून स्टुलावर बसला होता, उसाच्या गाड्या आत जात होत्या. मी मुलीला तुमच्या मांडीवर दिलं. तेवढ्यात लांब कारखान्याच्या भोंग्यावर पांढरी वाफ उठली, आणि जरा वेळानं आवाज आपल्यापर्यंत आला. मला इतका आनंद झाला, की मी लहान असल्यासारखी म्हणाले, "आबा, बघितलंत का? वाफ आधी दिसली, भोंगा मागनं आला." मला तुमच्याकडून ऐकायचं होतं, का ते. कारण मला ठाऊक होतं तरी ऐकायचं होतं. तुम्ही पोरीचं टोपडं नीट केलंत.

"असंल," म्हणालात. "आता काय करायचंय ते कळून."

मग एका गाडीवाल्यानं हाक मारली आणि तुम्ही गेट उघडायला उठलात. त्याच हंगामात तुम्ही गेलात. मला तार मिळाली तोवर सगळं उरकलं होतं. दुकानाची जागा आईनं एका चहावाल्याला दिली.

आबा, हे पत्र मी कुठं टाकणार नाही. मुलीला दाखवणार नाही, ती मला समजवायला बसेल. पण लिहितेच आहे तर एक लिहून टाकते, जे मी आजवर मनातही नीट म्हटलं नाही. सगळं आयुष्य मी म्हणत आले की आबांनी कुलूप लावलं. माझ्या नवऱ्याला हेच सांगितलं, मुलीला हेच सांगितलं, आणि दोघांनाही तुमचा थोडा राग आला, तो मी येऊ दिला. पण त्या दिवशी तुम्ही कुलूप ओढून बघत होता तेव्हा मी तुमच्या मागं उभी होते, आणि मला हलकं वाटलं होतं. तारेवरचा ओरखडा माझ्या बोटांना अजूनही कळत नव्हता, आणि पुढची मोटार मला भरावी लागणार नव्हती.